ढवळ्याशेजारचा पवळ्या: केमोनंतर पेशी एकमेकींना म्हातारपण कसं लावतात

मावशीची केमो संपून दीड वर्ष झालं. गाठ गेली, रिपोर्ट स्वच्छ आले, केसही परत आले, तेही आधीपेक्षा कुरळे. तरी परवा जिन्याच्या पहिल्याच वळणावर ती कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, "अगं, मी त्रेपन्नची ना? मग हे सत्तरीचं अंग कुणाचं घेऊन फिरतेय मी?"

घरच्यांनी नेहमीचं सांगून झालं होतं. औषधं कडक होती, डिंकाचे लाडू खा, येईल ताकद. हिमोग्लोबिन तपासलं, ते बारा. मग कुणीतरी म्हणालं, मनाला फार लावून घेतेस. हे शेवटचं वाक्य मला फार खटकलं, कारण मावशी जे गमतीत बोलली ते बरंचसं शब्दशः खरं असू शकतं. कॅन्सरचे उपचार काही पेशींना खरोखरच म्हातारं करून सोडतात. आणि या म्हाताऱ्या झालेल्या पेशी गुपचूप कोपऱ्यात बसत नाहीत. त्या बोलत राहतात. गोष्टीचा जीव या बोलण्यात आहे.

मावशीला चार वेळा ते लाल रंगाचं औषध चढवलं होतं. नाव डॉक्सोरुबिसिन. इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका जीवाणूपासून मिळालेलं हे औषध जगभर स्तनाच्या कॅन्सरमध्ये अजूनही वापरात आहे. ते करतं काय? गाभा असलेल्या आपल्या प्रत्येक पेशीत साधारण दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा गुंडाळून ठेवलेला असतो. पेशीचं विभाजन व्हायचं तर हा गुंता सोडवायला हवा. विणकाम करणारी बाई लोकरीचा गुंता सुटेना तेव्हा धागा कापते, दुसरा धागा त्यातून ओढून घेते आणि पुन्हा गाठ मारते. पेशीत हेच काम करणारं एक एन्झाइम आहे, टोपोआयसोमरेज. डॉक्सोरुबिसिन त्याचा हात नेमका कापल्यानंतर आणि गाठ मारायच्या आधी धरून ठेवतं. धागा तुटलेलाच राहतो. रेडिएशन, ज्याला आपल्याकडे पुष्कळ जण नुसतं 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात, तेही शेवटी डीएनएचे असेच तुकडे करतं, फक्त वाट वेगळी.

कॅन्सरच्या पेशी सतत विभागत असतात म्हणून त्यांना हा मार जास्त बसतो. पण औषध रक्तातून सगळीकडे जातं, त्यामुळे निरोगी पेशींनाही तो चुकत नाही.

धागा तुटल्याचं कळलं की पेशीत पी-५३ नावाचं प्रथिन जागं होतं. नुकसान थोडं असेल तर दुरुस्ती होते आणि पेशी कामाला लागते. नुकसान फार असेल तर पेशी स्वतःला संपवते, शिस्तीत, शेजाऱ्यांना त्रास न देता. पण या दोन्हींच्या मधली एक जागा असते: मरण्याइतकं जास्त नाही आणि दुरुस्त होण्याइतकं कमीही नाही. तिथे पेशी थांबते. आधी पी-२१ नावाचं प्रथिन ब्रेक दाबतं. थांबणं लांबलं तर पी-१६ येतं. घाटात बंद पडलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ब्रेकवर विसंबत नाही, उतरून मागच्या चाकाखाली दगड लावतो. पी-१६ म्हणजे तो दगड. एकदा लागला की गाडी सहसा पुन्हा हलत नाही.

या अवस्थेला सेनेसन्स म्हणतात. मी इथे 'थबकलेल्या पेशी' म्हणणार आहे. वर्तमानपत्रं 'झोंबी पेशी' म्हणतात, पण तो शब्द मला पटत नाही. सिनेमातला झोंबी बोलत नाही, आणि या बायांचं तोंड तर क्षणभर बंद नसतं.

पेशी अशा थांबतात हे कळायलाही वेळच लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समज असा होता की शरीराबाहेर नीट पोसली तर पेशी अमर असते. १९६१ मध्ये फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. मरत नाहीत, नुसत्या थांबतात. बरीच वर्षं याकडे शरीराची कॅन्सरविरुद्धची युक्ती म्हणून पाहिलं गेलं, आणि ती तशी आहेही. बिघडलेल्या पेशीला वाढूच न देणं हा चांगलाच उपाय आहे. म्हणून केमोनंतर गाठीतल्या काही पेशी मरण्याऐवजी थबकल्या तर डॉक्टरांनाही ते चालण्यासारखं वाटायचं. गाठ वाढत नाही ना, मग झालं.

चित्र पालटलं ते कॅलिफोर्नियात, ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या प्रयोगशाळेत. कॅम्पिसी यांचं २०२४ च्या जानेवारीत निधन झालं. पेशींच्या वार्धक्यावर आज जे काही बोललं जातं त्यातलं बरंचसं त्यांच्या कामापाशी जाऊन पोचतं. २००८ मध्ये त्यांच्या गटाने थबकलेल्या पेशींच्या आजूबाजूचं द्रव तपासलं आणि त्यात रेणूंची अक्षरशः वर्दळ सापडली. इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ हे दाह पेटवणारे निरोप्ये. रोगप्रतिकारक पेशींना बोलावणारे केमोकाइन. वाढीला चिथावणी देणारे रेणू. आणि पेशींमधलं सिमेंट खाणारी एन्झाइम्स. या सगळ्या गलबल्याला त्यांनी नाव दिलं सॅस्प, म्हणजे थबकलेल्या पेशीचं बाहेर ओतणं. केमो घेतलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांच्या गाठींतही हेच रेणू दिसले. म्हणजे हा नुसता काचेच्या बशीतला खेळ नव्हता.

सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, तसं काहीसं. विभागण्याची ताकद गेली, बाकी सगळा जोर कायम, आणि तो आता बोलण्यात.

हे बोलणं सुरू कसं होतं? मार बसल्या क्षणी नाही, काही दिवस जातात. तोवर तुटलेल्या डीएनएचे बारके तुकडे पेशीच्या गाभ्यातून बाहेर, पेशीरसात निसटू लागतात. पेशीच्या हिशेबाने डीएनए तिथे असणं म्हणजे भलतंच काहीतरी. तिथे डीएनए सहसा विषाणू आला तरच सापडतो. म्हणून तिथे एक पहारेकरी बसवलेला असतो, त्याचं नाव सी-गॅस. त्याला हे तुकडे दिसले की तो स्टिंग नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला उठवतो आणि 'घरात चोर शिरला' अशी आरोळी उठते. चोर नसतोच, घरातलंच सामान सांडलेलं असतं. पण आरोळी ती आरोळी. २०१७ मध्ये दोन-तीन गटांनी ही साखळी थोड्याच महिन्यांच्या अंतराने मांडली. जोडीला पेशीच्या पृष्ठभागावर इंटरल्यूकिन-१ अल्फा येऊन बसतं. ते त्याच पेशीला टोचत राहतं आणि एनएफ-कप्पा-बी नावाचं मुख्य बटण दाबून धरतं. आपलाच आवाज ऐकून माणूस आणखी मोठ्याने ओरडू लागतो, तसा हा प्रकार.

इथे थोडं थांबू, कारण या रेणूंना सरसकट खलनायक ठरवणं चूक आहे. तेच निरोप जखम भरताना लागतात. कातडी कापली की तिथे काही पेशी मुद्दाम थबकतात आणि पीडीजीएफ नावाचा वाढीचा रेणू सोडून जखम लवकर मिटवतात. उंदरांमधून या पेशी काढून टाकल्यावर जखमा उशिरा भरल्या, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. सॅस्पमधले काही रेणू तर रोगप्रतिकारक पेशींना सरळ सांगतात, 'मी बिघडलेय, येऊन मला उचला.' नॅचरल किलर पेशी आणि भक्षक पेशी येतात, थबकलेलीला मारून गिळतात, काम संपतं. गलबला चार दिवसांचा असेल तर तो उपयोगाचा आहे. तो महिनोन्महिने चालला की घर बिघडतं. केमोनंतर नेमकं तेच होण्याची शक्यता वाढते: एका झटक्यात अनेक पेशी थबकतात, आणि त्यांना उचलणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींनीही तोच मार खाल्लेला असतो. नगरपालिकेचा कचरा उचलणारा ट्रकच पुरात अडकल्यावर गल्लीचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

आता ती म्हण. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. थबकलेल्या पेशीच्या शेजारी निरोगी पेशी वाढवल्या तर काही दिवसांत त्यांच्यातल्याही काही थबकतात. त्यांना ना औषध मिळालेलं असतं, ना शेक. त्यांना फक्त निरोप मिळालेले असतात. इंटरल्यूकिन-१ आणि टीजीएफ-बीटा हे यातले मोठे निरोप्ये. ते शेजारणीच्या दारावर थाप मारतात आणि आत पी-२१ व पी-१६ जागे होतात. मला हे सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अस्वस्थ करणारं सत्य वाटतं. औषध शरीरातून काही दिवसांत धुऊन निघतं, पण त्याने थबकवलेल्या पेशी म्हातारपण पुढे वाटत राहू शकतात.

हे पेशींपुरतं झालं. यामुळे जिना चढताना दम लागतो, हे कशावरून?

मार्को डेमारिया आणि कॅम्पिसी यांच्या गटाचा २०१७ चा प्रयोग यासाठी फार सुंदर आहे. त्यांनी असे उंदीर वापरले ज्यांच्यात पी-१६ चालू झालेल्या पेशी एक विशिष्ट औषध देऊन निवडून मारता येतात. या उंदरांना डॉक्सोरुबिसिन दिलं. उंदीर रात्री चाकावर धावतात, ही त्यांची आवडती करमणूक. केमोनंतर ते धावणं घटलं, म्हणजे मावशीचा जिना झालाच तो. मग थबकलेल्या पेशी मारल्या. अस्थिमज्जेवरचा आणि हृदयावरचा वाईट परिणाम कमी झाला, उंदीर पुन्हा जास्त धावू लागले, आणि ज्यांना कॅन्सर होता त्यांच्यात तो परतण्याचं प्रमाणही घटलं. केमो तीच, मात्राही तीच. फरक एवढाच की बोलणाऱ्या तोंडांची संख्या कमी केली होती. त्याच अभ्यासात स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८९ स्त्रियाही होत्या. केमोआधीच ज्यांच्या टी पेशींमध्ये (हा रोगप्रतिकारक पेशींचाच एक प्रकार) पी-१६ जास्त होतं, त्यांना केमोनंतर थकवा जाणवण्याचा धोका जास्त निघाला.

याच्याही आधी, २०१४ मध्ये, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गटाने केमो घेणाऱ्या ३३ स्त्रियांच्या रक्तातल्या टी पेशींमधलं पी-१६ आधी आणि नंतर मोजलं होतं. केमोने ते इतकं वाढलं की तेवढी वाढ नुसत्या वयाने व्हायला साधारण पंधरा वर्षं लागली असती. वर्षभरानंतरही ते खाली आलं नव्हतं. 'केमो पंधरा वर्षांनी म्हातारं करते' असे मथळे यावरून झाले. ते अतिशयोक्तीचे आहेत. मोजल्या होत्या फक्त रक्तातल्या टी पेशी. हाडं, मेंदू, कातडी यांचं वय कुणी मोजलं नव्हतं. तरी 'सत्तरीचं अंग' हे मावशीचे शब्द मला त्या वेळी आठवले.

सगळ्यांत जास्त जीव तुटतो तो लहान मुलांच्या आकड्यांपाशी. बालपणी कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात वर्षानुवर्षं पाठपुरावा होतो. २०१३ मध्ये तिथल्या संशोधकांनी अशा मोठ्या झालेल्या मुलामुलींमध्ये जर्जरपणा मोजला, म्हणजे हाताची पकड, चालण्याचा वेग, स्नायूंचं प्रमाण, थकवा वगैरे. सरासरी वय तेहतीसच्या आसपास. स्त्रियांपैकी १३ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे पावणेतीन टक्के जर्जर निघाले. हे प्रमाण साधारणपणे पासष्टी ओलांडलेल्यांमध्ये दिसतं. मुंबईत टाटा मेमोरियलने उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळा बाह्यरुग्ण विभाग चालवला आहे तो याच काळजीपोटी. कॅन्सर बरा झाला म्हणजे हिशेब मिटला असं होत नाही, हे तिथे लवकर ओळखलं गेलं.

थबकलेली पेशी कॅन्सरची असेल तर कथेला आणखी एक वळण आहे. सिअ‍ॅटलमध्ये पीटर नेल्सन यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की केमोच्या माराने गाठीभोवतीच्या निरोगी पेशी डब्ल्यूएनटी-१६-बी नावाचा रेणू सोडतात, आणि तो शेजारच्या कॅन्सर पेशींना पुढच्या केमोतून तगायला मदत करतो. बर्लिनच्या एका गटाने २०१८ मध्ये असंही दाखवलं की थांबवून धरणारी पकड सुटली तर थबकलेली कॅन्सर पेशी पुन्हा चालू लागते, आणि तेव्हा ती पहिल्यापेक्षा जास्त आडदांड असते. हे उंदरांत आणि पेशींत दिसलंय. प्रत्येक रुग्णात असंच होतं असं नव्हे.

मुंबईचा आणखी एक धागा इथे जोडायला हवा, आणि थोडा जपूनच. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचंच संशोधन केंद्र. तिथे डॉ. इंद्रनील मित्रा यांचा गट अनेक वर्षं मांडतोय की मरणाऱ्या पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि त्याला चिकटलेल्या प्रथिनांचे, कण निरोगी पेशींच्या गाभ्यात शिरतात आणि तिथला डीएनए तोडून दाह पेटवतात. म्हणजे निरोप फक्त जिवंत पेशीच पाठवते असं नाही, मेलेलीचे तुकडेही निरोपच होतात. द्राक्षात असणारं रेझव्हेराट्रॉल आणि तांबं यांची अगदी थोडी मात्रा एकत्र दिली तर हे कण निष्प्रभ होतात, असं त्यांचं म्हणणं. २०२४ च्या फेब्रुवारीत यावरच 'कॅन्सर परतू न देणारी शंभर रुपयांची गोळी' अशी बातमी गाजली. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर ती सात जणांनी पाठवली. कल्पना मला खरोखर रंजक वाटते. पण पुरावा मुख्यतः उंदरांवरचा आणि छोट्या, सुरुवातीच्या चाचण्यांमधला होता, आणि बातमीने तो फारच पुढे नेला. देशातल्या अनेक कॅन्सरतज्ज्ञांनी तेव्हाच तसं बोलूनही दाखवलं.

मग या बडबडीवर उपाय काय? दोन वाटा चाचपल्या जात आहेत. पहिली, थबकलेल्या पेशीच मारायच्या. या औषधांना सेनोलिटिक म्हणतात. २०१५ मध्ये मेयो क्लिनिक आणि स्क्रिप्स इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी डॅसॅटिनिब आणि क्वेर्सेटिन ही जोडी पुढे आणली. डॅसॅटिनिब हे रक्ताच्या कॅन्सरचं औषध. क्वेर्सेटिन कांद्यात, सफरचंदात असतं. नॅव्हिटोक्लॅक्स नावाचं दुसरं औषध शेक दिलेल्या उंदरांच्या अस्थिमज्जेत चांगलं चाललं, पण माणसात ते प्लेटलेट पाडतं. केमोतून उठलेल्या माणसाला तेच तर नको असतं. दुसरी वाट म्हणजे पेशीला न मारता तिचा आवाज कमी करायचा. रॅपामायसिन हे ईस्टर बेटाच्या मातीतून आलेलं औषध इंटरल्यूकिन-१ अल्फा तयार होणंच मंदावतं, त्यामुळे पुढची आरोळी लहान होते. गंमत अशी की ते रोगप्रतिकारशक्तीही दाबतं, म्हणजे कचरा उचलणाऱ्यांनाच घरी बसवतं. सेंट ज्यूडमध्ये बालपणीच्या कॅन्सरमधून बरे झालेल्या पण जर्जर झालेल्या प्रौढांवर सेनोलिटिकची चाचणी हाती घेतली गेली आहे. थकव्यासाठी म्हणून यातलं कुठलंच औषध आज दुकानातून आणून घ्यायच्या लायकीचं नाही. जखम भरताना याच पेशी लागतात, हे वर आलंच आहे; त्या कधी मारायच्या आणि कधी राहू द्यायच्या, हा वेळेचा प्रश्न अवघड आहे.

मावशीने क्वेर्सेटिनचं ऐकलं आणि लगेच विचारलं, "म्हणजे कांदा वाढवू का?" चाचण्यांमधली मात्रा दिवसाला हजार मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असते. तेवढ्यासाठी रोज दोन-चार किलो कांदा खावा लागेल. लासलगावचं भलं होईल, तिचं पोट बिघडेल. गोळ्यांच्या रूपात ऑनलाइन मिळतं तेही कॅन्सरची औषधं चालू असताना डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, कारण ते यकृतातल्या त्याच एन्झाइम्सशी खेळतं जी इतर औषधं पचवतात.

कॅन्सरनंतरच्या थकव्यावर ज्याचा पुरावा खरंच भक्कम आहे ती गोष्ट साधी आहे: नियमित व्यायाम. थकलेल्या माणसाला चालायला सांगणं निर्दयपणाचं वाटतं, मलाही वाटलं. पण चालणं आणि हलकं वजन उचलणं यांनी थकवा कमी होतो हे अनेक चाचण्यांत दिसलंय. त्यातला किती भाग थबकलेल्या पेशींच्या गप्प होण्यामुळे आणि किती नुसत्या स्नायूंमुळे, याचा हिशेब चालू आहे.

आणि हे सगळं वाचून झाल्यावर मी स्वतःच एक चूक करणार होते. मावशीचा सगळा थकवा मी सॅस्पच्या खात्यावर टाकून मोकळी झाले असते. तिच्या नव्या डॉक्टरांनी आधी टूडी इको करायला लावला, कारण डॉक्सोरुबिसिन हृदय कमजोर करू शकतं. तो ठीक आला. मग थायरॉइड तपासलं. शेक गळ्याच्या हाडाजवळही दिला होता, त्या भागाच्या शेकानंतर थायरॉइड मंदावू शकतो, आणि तसंच निघालं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची बारीकशी गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत मावशी दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता जाऊ लागली. तिसऱ्यासाठी अजून कठडा धरते.